अर्धे डॉक्टर आणि तिसरा नियम

माझ्या मामाला सगळे 'अर्धे डॉक्टर' म्हणतात. पाठीमागे म्हणतात तसं तोंडावरही म्हणतात, आणि दोन्ही वेळा मामाला ते कौतुकच वाटतं. जनावरांच्या दवाखान्यात तो गेली एकोणतीस वर्षं कंपाउंडर आहे. एवढ्या काळात तिथे तीन डॉक्टर आले आणि गेले, सध्याच्या डॉक्टरीणबाई चौथ्या. नवा डॉक्टर आला की पहिल्या आठवड्यात मामा त्याला दवाखाना समजावून सांगतो आणि दुसऱ्या आठवड्यापासून डॉक्टर मामाला टाळायला लागतो. डॉक्टरीणबाईंनी मात्र टाळलं नाही. त्या मामाचं सगळं ऐकून घेतात, मान डोलावतात आणि मग त्यांना हवं तेच करतात. त्यामुळे दोघांचं उत्तम चाललं आहे.

मी पाच वर्षं मामा-मामीकडे राहते. नोकरी छपाईच्या दुकानात, संगणकावर मजकूर जुळवायची. दुकानांच्या पाट्या, पावतीपुस्तकं, 'येथे वाहने लावू नयेत', असलं काहीबाही. घरात अशी मुलगी असल्यावर मामाच्या सूचना कागदावर कशा राहतील? दवाखान्यात बसायच्या खोलीत जो मोठा फलक आहे तो माझ्या हातचा. 'पाळीव प्राण्याला विषारी साप चावल्यास' असं वर ठळक अक्षरात, आणि खाली सहा नियम. एक, घाबरू नका, घड्याळात वेळ बघून ठेवा. दोन, प्राण्याला चालवू नका, उचलून आणा. तीन, चावलेल्या जागेच्या वर पट्टी, दोरी, काहीही आवळून बांधू नका. चार, जखम कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका, घरातलं औषध पाजू नका. पाच, सापाच्या मागे जाऊ नका. सहा, निघण्याआधी दवाखान्यात फोन करा.

नियम चांगलेच आहेत. डॉक्टरीणबाईही म्हणतात की या फलकामुळे चार-दोन कुत्री तरी वाचली असतील. पण फलक लावून मामाचं समाधान होत नाही. पोपटाची नखं कापायला आलेल्या माणसालाही तो सहाच्या सहा नियम तोंडी ऐकवतो. मांजराला जुलाब झाले म्हणून एक आजोबा आले होते, त्यांना त्याने पाचवा नियम दोनदा सांगितला. आजोबा तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या जिन्यात आजवर झुरळापेक्षा मोठं काही चढलेलं नाही.

मामाची आणखी एक सवय सांगायला हवी. सकाळी दवाखाना उघडला की तो आधी झाडू मारत नाही, दिवे लावत नाही, फोनही घेत नाही. सरळ फ्रिजपाशी जातो, दार उघडतो आणि सर्पविषावरच्या औषधाच्या व्हायल, म्हणजे काचेच्या छोट्या बाटल्या, मोजतो. सहा असाव्या लागतात. दोन वापरल्या की त्याच दिवशी मागवतो. दवाखाना बंद असला तरी किल्ली घेऊन जातो आणि मोजून येतो. मला ही शिस्त वाटायची. याला म्हणतात कामावरची निष्ठा, असं मी माझ्या दुकानमालकाला सुनावलंही होतं.

आता फलकावरची, मी मुद्दामच न सांगितलेली एक गोष्ट राहिली. तिसऱ्या नियमापुढे कंस होता. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'एका घरी बांधली होती. मांजर गेलं.'

ते घर आमचंच. मांजराचं नाव ठिपकी, आणि ती मामीची. चार वर्षांपूर्वी एका दुपारी मागच्या अंगणात तिच्या पायाला साप चावला. मी दुकानात, मामा दवाखान्यात, घरात मामी एकटी. तिने आपल्या पदराची पट्टी फाडली, ठिपकीच्या पायाला करकचून बांधली आणि तिला टोपलीत घालून अर्धा तास पायी पळत दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई तेव्हा कुठल्या तरी गोठ्यावर गेल्या होत्या. मामाने टोपली उघडली, पट्टी पाहिली, आणि बसलेल्या सगळ्या माणसांसमोर म्हणाला की पट्टी बांधलीस ना, झालं आता. बाई आल्या, त्यांनी सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. संध्याकाळी ठिपकी गेली.

महिन्याभराने मामाने फलकाची सुधारित आवृत्ती काढायला सांगितली. कंसातला मजकूर मीच टाइप केला. उदाहरण दिलं की लोकांच्या लक्षात राहतं, असं मामा म्हणाला, आणि मला ते पटलं. कंसातली अक्षरं दोन आकड्यांनी लहान करावीत ही तर माझीच अक्कल.

मग एक दिवस मामी मामाचा डबा द्यायला दवाखान्यात गेली. तिने उभ्या उभ्या फलक वाचला, डबा टेबलावर ठेवला आणि घरी आली. त्या दिवसापासून ती मामाशी बोलायची बंद झाली. भांडण झालं असतं तर मिटलंही असतं. हिने भांडणच केलं नाही. डबा वेळेवर, कपडे इस्त्रीचे, दुखलं-खुपलं तर काढा तयार, फक्त शब्द नाही. मामा आठवडाभर वाट बघत होता की आज बोलेल, उद्या बोलेल. मग तोही ताठला. मी मध्ये पडायचा प्रयत्न केला तेव्हा मामी मला म्हणाली की तू तुझ्या कंसांकडे बघ. 

सहा महिन्यांनी मामीने लाकडाच्या वखारीतून कुत्र्याचं एक पिल्लू आणलं. दिवसभर जनावरं हाताळून आलेल्या माणसाला घरात तरी जनावर नको असतं, हे मामा कुरकुरत म्हणाला, पण भिंतीकडे बघून. पिल्लाने पहिल्याच दिवशी मामाची आरामखुर्ची पटकावली. दिवसभर काही काम करायचं नाही, जेवणाच्या वेळा मात्र चुकवायच्या नाहीत, आणि कुणी उठवलं तर नाराजीने बघायचं. मामी म्हणाली, हा तर साहेब आहे. तेच नाव पडलं.

साहेब आला आणि घरात बोलणं परत सुरू झालं. म्हणजे मामी साहेबाशी बोलायला लागली. "साहेब, त्यांना सांगा, पान वाढलंय." "साहेब, त्यांना विचारा, गॅसवाल्याला फोन केला का?" मामा तिथेच दीड हातावर बसलेला असायचा. सुरुवातीला त्याने बाणा दाखवला, मी कुत्र्याच्या मार्फत बोलणार नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. मामाने घास गिळला, इकडेतिकडे बघितलं, आणि हळूच म्हणाला, "साहेब, तिला सांग, मीठ राहिलंय." साहेबाने शेपटी हलवली. मामीने मीठ आणून ठेवलं. तेव्हापासून साडेतीन वर्षं त्या दोघांचा संसार साहेबाच्या मध्यस्थीने चालला होता. वीजबिल, पाहुणे, मामाचा रक्तदाब, माझ्या लग्नाचा विषय, सगळं साहेबाच्या कानावरून जायचं. साहेब गाढ झोपलेला असला तर महत्त्वाचे विषय तो उठेपर्यंत थांबायचे. मला हसू यायचं, आणि कधी कधी रात्री अंथरुणावर पडल्यावर रडूही यायचं. घरात एक कुत्रा नसेल तर ही दोन माणसं एकमेकांना कायमची मुकतील, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आणि मग त्या रविवारी साहेबाला साप चावला.

सकाळचे अकरा वाजत आले होते. मामा ओसरीवर पेपर वाचत होता, मामी कपडे वाळत घालत होती, मी केस विंचरत होते. पाण्याच्या टाकीमागे जुन्या कौलांचा ढीग आहे. साहेब तिथे हुंगत होता. आधी तो भुंकला, मग एकदम केकाटला आणि तीन पायांवर उड्या मारत मामीकडे आला. पुढच्या उजव्या पंजावर रक्ताचे दोन ठिपके होते. कौलांत काहीतरी जाड, तपकिरी सरकत आत जाताना मला दिसलं.

एकोणतीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस घरात होता, म्हणून मी मामाकडे पाहिलं. मामाने पेपर टाकला, फरशी पुसायचा दांडा उचलला आणि कौलांच्या ढिगावर तुटून पडला. साप साप म्हणून भुई धोपटणं मी नुसतं ऐकलं होतं, त्या दिवशी ते बघितलं. कौलं फुटत होती, धूळ उडत होती, आणि मामा ओरडत होता की कुठल्या जातीचा आहे ते कळायला नको का. साप केव्हाच कुंपणापलीकडे गेला असणार. असं दांड्याने मारत बसलं तर कुत्र्याच्या जोडीला माणूसही चावून घेतो, हे मामानेच शेकडो लोकांना सांगितलेलं होतं.

मामी खाली बसली. तिने साहेबाला मांडीवर आडवं केलं, गळ्यातला पट्टा काढून टाकला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मला म्हणाली, "दहा छप्पन. लिहून ठेव." मग कुत्र्याच्या कपाळावरून हात फिरवत, आवाज जराही न चढवता ती म्हणाली, "साहेब, त्यांना सांगा, नियम पाच."

मामाचा दांडा हवेतच राहिला. मीही चमकले. ज्या फलकामुळे तिने अबोला धरला तो तिला पाठ होता, आकड्यांसकट.

मामा आत धावला आणि मोबाइल घेऊन आला. "सहावा, सहावा," असं पुटपुटत त्याने दवाखान्याचा नंबर लावला. कानाला लावला, काढला, परत लावला. त्याचा चेहरा लाल होत गेला. "एंगेज लागतोय," तो म्हणाला. "रविवारी बंद दवाखान्यात कोण बोलत बसलंय फोनवर?" त्याने तिसऱ्यांदा लावला, चौथ्यांदा लावला. फोनवर गप्पा मारणाऱ्या त्या अज्ञात माणसाला तो सोमवारी कामावरून काढणार होता. इकडे साहेबाचा पंजा फुगत चालला होता, आणि तो मामीच्या हाताला चाटत नुसता कण्हत होता.

"साहेब," मामी म्हणाली, "त्यांना सांगा, सुटीच्या दिवशी दवाखान्याचा फोन त्यांच्याच मोबाइलवर येतो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. रविवारचे सगळे फोन आपल्या मोबाइलवर वळवून घ्यायची सोय मामानेच करून घेतली होती, बाईंना सुटीच्या दिवशी कुणी छळू नये म्हणून. आणीबाणीला कोण फोन उचलणार तर अर्धे डॉक्टर. आणि अर्धे डॉक्टर गेली चार मिनिटं स्वतःलाच फोन लावत होते. मामाने फोनकडे असं बघितलं की मला त्याही घाईत त्याची दया आली. डॉक्टरीणबाईंचा घरचा नंबर त्याच्याकडे होता, पण हा नंबर कुणालाही द्यायचा नाही हा त्याचाच आणखी एक नियम. मी त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि बाईंना फोन केला. त्या दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर राहतात. म्हणाल्या की निघा, मी खाली उतरते.

साहेबाचं वजन एकोणीस किलो. मामीने त्याला एकटीने उचललं, मला हात लावू दिला नाही. मामाची जुनी गाडी मी चालवत होते. मागच्या सीटवर मामी, तिच्या मांडीवर साहेब, बाजूला मामा. सूज पंजावरून वर चढत होती. आरशात मला मामा दिसत होता. त्याचे ओठ हलत होते, नजर त्या पायावर खिळली होती. सूज कोपराच्या जवळ आली आणि मामाने खिशातून रुमाल काढला. त्याची उभी घडी घातली. साहेबाच्या पायाखालून घेतला, वर गाठ मारली आणि आवळायला लागला.

मामीने त्याचं मनगट धरलं.

ती काही बोलली नाही. साहेबाकरवीही नाही. मामाने तिच्या हाताकडे बघितलं, मग रुमालाकडे, आणि आपण काय करत होतो ते त्याला तेव्हा उमगलं. विष वर चढताना डोळ्यांना दिसत असलं की हात आपोआप बांधायला जातात. जो कधी त्या जागी बसला नाही तोच त्यावर नियम लिहू शकतो. मामाने गाठ सोडली. सिग्नल लागला होता, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून उभ्या होत्या. त्यांनी साहेबाला टेबलावर घेतलं, हिरड्या बघितल्या, सुई टोचून सलाइन सुरू केलं. सुईच्या जागेतून रक्त झिरपत राहिलं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग त्यांनी काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि ती स्टँडमध्ये उभी केली. ही तपासणी मला मामामुळेच माहीत होती. नळी वीस मिनिटं जराही हलवायची नाही, मग तिरकी करायची. रक्त गोठलं असेल तर बरं. पाण्यासारखं वाहिलं तर विष अंगात भिनलंय आणि औषध द्यायलाच हवं. मामा मदतीला पुढे झाला तर त्याच्या हातातून कापसाचा गोळा दोनदा पडला. "तुम्ही बाहेर बसा," बाई म्हणाल्या. एकोणतीस वर्षांत त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.

नळी भरल्या भरल्याच त्यांनी तिचा स्टँड बाहेरच्या टेबलावर आणून ठेवला होता. आत साहेब हिसका देईल म्हणाल्या. आम्ही तिघं बाकावर बसलो. समोर नळी, वर घड्याळ, आणि घड्याळाशेजारी मामाचा फलक. इतर कुठे बघावं म्हटलं तर बघायला काही नव्हतं.

सात-आठ मिनिटं कुणी हललं नाही. साहेब आत होता, त्यामुळे बोलायची सोयच नव्हती. शेवटी मामी माझ्याकडे वळली. "विचार त्यांना, औषध आहे ना?"

मी तोंड उघडायच्या आतच मामा म्हणाला, "आहे. सहा आहेत. आज सकाळी येऊन बघून गेलो." मग नळीकडे बघत म्हणाला, "ठिपकीच्या वेळी नव्हतं."

"काय नव्हतं?" मी विचारलं.

"औषध. फ्रिजमध्ये एकही व्हायल नव्हती. आधीच्या आठवड्यात संपल्या होत्या, आणि मागवायचं माझं राहिलं होतं." नळीवरची नजर न काढता तो पुढे म्हणाला, "पट्टीने फार तर पाय गेला असता. जीव गेला तो औषध नव्हतं म्हणून. मॅडमना माहीत होतं. त्यांना वाटलं, मी घरी सांगितलं असेल."

मला मामाचा इतका राग आला की तिथेच त्याला काहीतरी फेकून मारावं असं वाटलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, पण हे त्याहून वाईट होतं. स्वतःची चूक त्याने चार वर्षं मामीच्या गळ्यात बांधून ठेवली होती, आणि वर फलकावर छापून भिंतीला लावली होती. छापणारी मी. ती रोजची शिस्त, त्या मोजलेल्या व्हायल, सुटीच्या दिवशीच्या खेपा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तो रोज सकाळी फ्रिज उघडून ठिपकीचीच व्हायल शोधत होता, आणि तरी त्याच्या तोंडून एक वाक्य निघालं नव्हतं. मी मामीकडे बघायला धजले नाही. आता ही उठून निघून जाईल आणि परत येणार नाही, असंच मला वाटलं.

मामी घड्याळाकडे बघत बसून होती. काटा पुढे सरकत होता. तिने पदराने नाक पुसलं. आणि मग सरळ मामाच्या तोंडाकडे बघून, मध्ये कुणालाही न घेता, ती म्हणाली,

"वीस मिनिटं झाली. बघा."

मामा उठला. नळी हातात घेतली आणि हळूच तिरकी केली. रक्त काचेवरून पाण्यासारखं वाहिलं.

त्यानंतरच्या मामाबद्दल मात्र मला चांगलं बोललंच पाहिजे. तो आत गेला, हात धुतले, फ्रिजमधून व्हायल काढल्या. आतल्या भुकटीत पाणी सोडून बाटली दोन्ही तळव्यांत हळूहळू घोळवायला लागला. हे औषध हलवलं तर फेस होतो, म्हणून घोळवायचंच असतं, आणि घाई अजिबात चालत नाही. आता त्याच्या हातातून काही पडलं नाही. औषधाचं वावडं निघालं तर लागणारी सिरिंज त्याने बाईंनी मागायच्या आत भरून ठेवली. थेंब थेंब औषध साहेबाच्या अंगात जात राहिलं, आणि मामी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला त्याचा कान धरून उभी राहिली. संध्याकाळी पाचला दुसऱ्यांदा नळी भरली. वीस मिनिटांनी मामाने ती तिरकी केली, मग उलटी केली. रक्त जागचं हललं नाही. आमच्या सगळ्यांच्या जिवात जीव आला. डॉक्टरीणबाईंनी डोक्यावरचा टॉवेल तेव्हा काढला, केस कधीच वाळले होते.

साहेब तीन दिवसांनी घरी आला. पंजाची थोडी कातडी गेली, आणि तो अजून जरा लंगडतो, विशेषतः कुणी बघत असेल तर. आल्या आल्या आरामखुर्ची गाठली. मामी बोलायला लागली होती, ती थांबेना. साडेतीन-चार वर्षांचा साठा होता. ओला टॉवेल पलंगावर टाकण्यापासून सुरुवात झाली, तिथून मामाच्या बहिणीने, म्हणजे माझ्या आईने, अमक्या साली काय म्हटलं होतं तिथपर्यंत गेली. मामा खाली मान घालून ऐकायचा. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला की साहेब सांगायचा तेव्हा निदान थोडक्यात असायचं. पण हे सांगताना त्याचा चेहरा उजळलेला होता. ठिपकीचं नाव मात्र ती काढत नव्हती, आणि ती काढत नाही म्हणून मामाला धड जेवण जात नव्हतं.

पंधरा दिवसांनी मामाने माझ्यापुढे कागद ठेवला. फलकाची नवी आवृत्ती. कंस काढलेला होता. तळाला नवा मजकूर होता: 'चार वर्षांपूर्वी या दवाखान्यात एक मांजर गेलं. ते पट्टीमुळे गेलं नाही. औषध नव्हतं. मागवायचं काम माझं होतं. – कंपाउंडर.' मी टाइप केलं, या वेळी अक्षरं लहान केली नाहीत. छापील नमुना घरी आणला आणि मामीपुढे ठेवला. मामा दारात उभा होता, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा.

मामीने चष्मा लावून सगळं वाचलं. मग माझं लाल पेन मागितलं आणि तळाच्या मजकुरावर आडवी रेघ मारली.

"हे नको. वाचून लोक घाबरतील. यावं की नको असा विचार करत बसतील, आणि तेवढ्यात जनावर जाईल."

"पण खरं आहे ते," मामा म्हणाला.

"खरं मला सांगायचं होतं. चार वर्षांपूर्वी. भिंतीला सांगून काय उपयोग?"

 दाराच्या चौकटीला धरून तो तसाच उभा राहिला, आणि मी त्याला पहिल्यांदा रडताना बघितलं. मामीने त्याला रडू दिलं. पेन मात्र ठेवलं नाही. सहाव्या नियमाखाली तिने तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'सात. फोनवर आधी विचारा, औषध आहे का? नसेल तर वेळ न घालवता जिथे आहे तिथे न्या.' कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, ठळक कर.

डॉक्टरीणबाईंनी तो फलक वाचला आणि म्हणाल्या, सहाच्या सहा नियमांपेक्षा हा सातवा कामाचा आहे. मामाला ते लागलं असणार, पण त्याने मान डोलावली.

आता दवाखान्यात फोन आला की माणसं आधी तेच विचारतात. ज्याच्या सशाला गोचिड्या झाल्यात तोही विचारतो. औषध आहे का? आणि अर्धे डॉक्टर दिवसातून आठ-दहा वेळा, जो कोण असेल त्याला, सांगतात की आहे.

सकाळी मामा डबा घेऊन निघतो तेव्हा मामीही दारातून विचारते. मामा चपला घालता घालता म्हणतो, "आहे. सहा."

"बघून सांगताय का सवयीने?"

मामा थांबतो. फ्रिज तिकडे, तो इकडे. "गेल्यावर बघून फोन करतो."

"करा," मामी म्हणते.

सव्वानऊला घरचा फोन वाजतो. साहेब कान टवकारून उठून येतो, आणि मामी त्याला बाजूला सारून तो उचलते.